‘पोरं धरणारी टोळी’ : समकालीन आख्यायिकेचे संशोधन कसे करावे

१ जुलै २०१८ हा रविवार होता आणि धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागून पोट भरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी गावात आले. हे लोक मुले पळवणाऱ्या टोळीतले आहेत असा संशय बाजारात पसरला, जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथेच त्यांचा जीव घेतला. त्याआधीचे काही आठवडे राज्याच्या अनेक भागांत मुले पळवणाऱ्या टोळीविषयीचे संदेश आणि चित्रफिती मोबाईलवर फिरत होत्या. ही कथा ज्यांनी पुढे पाठवली त्यांपैकी बहुतेकांनी आपण काही वाईट करत आहोत असे मनातही आणले नसेल. शेजाऱ्याला सावध करावे, एवढ्याच भावनेने त्यांनी ती पाठवली असणार.

लोकसाहित्याचा अभ्यास म्हटला की आपल्याकडे अजूनही ओव्या, भारुडे, लोककथा आणि विधिनाट्ये डोळ्यांपुढे येतात. तो अभ्यास मोलाचा आहेच. परंतु ज्या कथा आज, या आठवड्यात, एसटीच्या थांब्यावर आणि शाळेच्या फाटकाशी सांगितल्या जातात त्याही लोकसाहित्यच आहेत, आणि त्यांचा अभ्यास करण्याची शिस्तबद्ध पद्धत गेल्या आठ दशकांत घडत आलेली आहे. मराठी, समाजशास्त्र, मानवशास्त्र किंवा पत्रकारिता या विषयांत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ती पद्धत पायरी-पायरीने वापरता यावी म्हणून हा लेख आहे. संपूर्ण लेखात ‘पोरं धरणारी टोळी’ हे एकच उदाहरण घेतले आहे, कारण एका कथेच्या मागे शेवटपर्यंत गेल्याशिवाय पद्धतीतील खऱ्या अडचणी दिसत नाहीत.

पहिली पायरी : आपण नेमके काय अभ्यासतो आहोत ते ठरवणे

लोकसाहित्याचे अभ्यासक विल्यम बॅस्कम यांनी १९६५ साली गद्य लोककथनाचे तीन वर्ग मांडले: मिथक, आख्यायिका आणि लोककथा. मिथक पवित्र मानले जाते आणि ते दूरच्या, वेगळ्या काळात घडते. लोककथा कल्पित आहे हे सांगणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात. आख्यायिका मात्र आपल्या ओळखीच्या जगात, अलीकडच्या काळात घडल्याचे सांगितले जाते आणि ती खरी म्हणून पुढे ठेवली जाते. लिंडा डेग यांनी या शेवटच्या मुद्द्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. त्यांच्या मते आख्यायिकेचा प्राण विश्वासात नसून विश्वासाविषयीच्या वादात आहे: एक जण सांगतो, दुसरा शंका घेतो, तिसरा ‘आमच्याकडे पण असंच झालं’ म्हणतो, आणि कथा या तिघांच्या बोलण्यातून उभी राहते. नवख्या अभ्यासकाने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्यामुळे केवळ सांगणाऱ्याचे शब्द टिपून भागत नाही. शंका घेणाऱ्याचे बोलणेही तितकेच काळजीपूर्वक टिपावे लागते.

‘शहरी आख्यायिका’ हा शब्द जॅन हॅरल्ड ब्रुनवँड यांच्या १९८१ च्या पुस्तकामुळे सर्वदूर पोहोचला. अभ्यासकांनी मात्र ‘समकालीन आख्यायिका’ हा शब्द अधिक पसंत केला, आणि १९८८ साली स्थापन झालेल्या या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही आपल्या नावात तोच स्वीकारला. आपल्या उदाहरणापुरते पाहिले तरी ही निवड योग्य वाटते: राईनपाडा हे शहर नाही. या कथांची एक ओळखीची खूण रॉडनी डेल यांनी १९७८ मध्ये नोंदवली, ती म्हणजे प्रत्येक कथा ‘मित्राच्या मित्राला’ घडलेली असते. मराठीत हीच जागा ‘माझ्या मावसबहिणीच्या नणंदेच्या गावात’ अशा नात्याने भरून निघते. नात्याचा हा धागा जसाच्या तसा लिहून ठेवावा, कारण सांगणारा कोणाच्या अधिकाराने बोलतो आहे ते त्यातून कळते.

अफवा आणि आख्यायिका यांतील फरकही सुरुवातीलाच नोंदवहीत स्पष्ट करून ठेवावा. ‘तालुक्यात टोळी आली आहे’ ही अफवा होय. ते एक लहान, क्षणापुरते विधान आहे. ‘परवा दुपारी तीन बाया एका पोराला भूल घालून साडीच्या झोळीत घेऊन चालल्या होत्या, पण त्याच्या आजीने ओळखले’ ही आख्यायिका होय. तिला पात्रे, प्रसंग आणि शेवट आहे. एकच मजकूर सकाळी अफवा म्हणून येतो आणि संध्याकाळपर्यंत आख्यायिका होतो, तर काही महिन्यांनी पुन्हा आक्रसून एका वाक्याची अफवा उरते. हे रूपांतर कधी आणि कोणाच्या तोंडी झाले, हा स्वतःच एक उत्तम संशोधनविषय आहे.

दुसरी पायरी : प्रश्न लहान करणे

‘महाराष्ट्रातील समकालीन आख्यायिका : एक अभ्यास’ अशा शीर्षकाचे प्रबंध बहुधा कथांची यादी होऊन बसतात. प्रश्नाला स्थळ, काळ आणि कृती असली पाहिजे. उदाहरणार्थ, ‘२०१८ च्या पावसाळ्यात अमुक तालुक्यातील पालकांनी ही कथा ऐकल्यावर मुलांच्या शाळेत जाण्या-येण्यात कोणते बदल केले, आणि त्या बदलांचे समर्थन ते आज कसे करतात?’ हा प्रश्न एका माणसाला सहा महिन्यांत पेलवेल असा आहे. ‘लोक विश्वास का ठेवतात?’ हा प्रश्न मात्र टाळावा. त्यात लोक चुकीचे आणि आपण शहाणे असे उत्तर आधीच दडलेले असते, आणि मुलाखतीत समोरच्याला ते पहिल्या पाच मिनिटांत जाणवते.

तिसरी पायरी : कथेचे पूर्वज शोधणे

प्रत्यक्ष गावात जाण्यापूर्वी किमान दोन महिने अभिलेखागारात आणि ग्रंथालयात घालवावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. ही पायरी गाळली तर जुनी कथा मोबाईलने जन्माला घातली असा निष्कर्ष निघतो, आणि वर्तमानपत्रांत तो वारंवार निघालेला आहे.

ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगची साथ नुकतीच सुरू झाली असताना, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेलेली माणसे परत येत नाहीत, तेथे त्यांना मारून त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढले जाते, अशी कथा त्या काळात फिरत होती. माणसाला उलटे टांगून खाली विस्तव पेटवायचा आणि ठिबकणारे तेल गोळा करायचे, असे तिचे वर्णन उत्तर हिंदुस्थानातही आढळते. दुसरा पूर्वज पायाभरणीच्या बळीचा आहे. मोठा पूल किंवा धरण बांधायला घेतले की पायात लहान मुलाचा बळी द्यावा लागतो आणि त्यासाठी सरकारची माणसे मुले पळवतात, ही समजूत ब्रिटिश काळातील नोंदींत ठिकठिकाणी सापडते. जुलै २०१९ मध्ये बांगलादेशात पद्मा नदीवरील पुलासाठी माणसांची मुंडकी हवी आहेत अशी कथा पसरली आणि तेथे जमावाने अनेक निरपराध लोकांना ठार मारले. आपल्या २०१८ च्या पाठांत, म्हणजे कथेच्या सांगितल्या गेलेल्या वेगवेगळ्या रूपांत, तेलाच्या आणि पायाच्या जागी मूत्रपिंड आले आहे. परका माणूस, लहान मूल आणि शरीराचा कोणाच्या तरी फायद्यासाठी केलेला वापर हा सांगाडा मात्र ओळखू येतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. साम्य म्हणजे अखंड परंपरा नव्हे. १८९६ ची मुंबई आणि २०१८ चे साक्री यांच्यामध्ये ही कथा कोणाच्या तोंडी जगली याचे पुरावे मिळत नाहीत तोवर ‘तीच कथा सव्वाशे वर्षे चालत आली’ असे लिहू नये. ‘त्याच प्रकारच्या भीतीने त्याच प्रकारची रचना पुन्हा घेतली’ एवढेच म्हणता येते.

साहित्य कोठे शोधावे? मुंबईतील राज्य अभिलेखागार, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘ज्ञानोदय’ यांचे जुने अंक, तसेच जिल्हा गॅझेटिअर येथून सुरुवात करावी. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली आणि आर. ई. एन्थोव्हेन यांनी पुढे संकलित केलेली लोकसमजुतींची टिपणेही पाहावीत; कोकणावरील भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. ती टिपणे बहुतांशी शाळामास्तरांकडून मागवलेल्या उत्तरांवर आधारलेली आहेत, त्यामुळे त्यांत समजूत आहे पण सांगणारा माणूस नाही, कथा सांगण्याचा प्रसंग नाही आणि ऐकणाऱ्याची शंका तर मुळीच नाही. जुने साधन वापरताना अशी उणीव त्या त्या जागी लिहून ठेवावी. स्टिथ थॉम्पसन यांच्या कल्पनाबंधांच्या, म्हणजे कथांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकांच्या, सूचीचाही उपयोग होतो: वाटेत गाडीत बसून मध्येच नाहीशी होणारी बाई, जी आपल्याकडे घाटात पांढऱ्या साडीत उभी असते, तिला त्या सूचीत ई ३३२.३.३.१ असा क्रमांक आहे. क्रमांक दिल्याने अर्थ लागत नाही, पण इतर देशांतील पाठ शोधण्याचा रस्ता खुला होतो.

चौथी पायरी : गावात जाणे, आणि परके असण्याचे भान

इतर विषयांत क्षेत्रकार्याची तयारी म्हणजे वही, पेन आणि ध्वनिमुद्रक. या विषयात एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे: गावात अनोळखी माणूस म्हणून फिरणारा, मुलांविषयी विचारणारा आणि पाठीवर पिशवी असलेला संशोधक हा स्वतःच या कथेतील पात्र ठरू शकतो. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे रात्रीच्या वेळी वाटसरू असलेले दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच संशयातून मारले गेले, हे विसरू नये.

म्हणून पहिली भेट एकट्याने कधीही घेऊ नये. ज्याला गाव ओळखतो असा शिक्षक, आशा सेविका किंवा नातेवाईक बरोबर असावा. सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी भेटून विद्यापीठाचे पत्र आणि ओळखपत्र दाखवावे. शाळेच्या आवाराभोवती रेंगाळू नये, मुलांशी पालकांच्या गैरहजेरीत बोलू नये, त्यांना खाऊ देऊ नये आणि त्यांची छायाचित्रे तर कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत. कथा गावात त्याच आठवड्यात जोरात फिरत असेल तर जाणे पुढे ढकलावे, मग प्रबंधाचे वेळापत्रक कोलमडले तरी चालेल.

जेथे प्रत्यक्ष हत्या घडली आहे त्या गावापासून विद्यार्थ्याने अभ्यास सुरू करू नये, असेही माझे मत आहे. तेथील प्रत्येक निवेदक, म्हणजे आपल्याला कथा सांगणारा माणूस, हा एखाद्या खटल्यातील संभाव्य साक्षीदार, आरोपीचा नातेवाईक किंवा भीतीने गप्प बसलेला शेजारी असू शकतो. वकिलाला अशिलाच्या गुपिताबाबत जसे कायदेशीर संरक्षण आहे तसे आपल्या देशात संशोधकाला नाही. ध्वनिमुद्रण तपासयंत्रणेने किंवा न्यायालयाने मागितले तर ते द्यावे लागू शकते. ज्या गावांत कथा पोहोचली पण काही घडले नाही अशी गावे निवडावीत. कथा पोहोचूनही हिंसा का झाली नाही, कोणी थांबवले, कोणत्या शब्दांनी थांबवले, हे या विषयात फारसे न अभ्यासलेले अंग आहे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी आहे.

पाचवी पायरी : ऐकणे, आणि ‘म्हणे’कडे लक्ष देणे

मुलाखतीची सुरुवात ‘तुमचा यावर विश्वास आहे का?’ या प्रश्नाने केली की माणूस सुशिक्षित पाहुण्याला शोभेल असे उत्तर देतो. त्याऐवजी कृतीविषयी विचारावे. हे पहिल्यांदा कधी कानावर आले? तेव्हा तुम्ही कोठे होता, कोण कोण होते? कोणी सांगितले? मग तुम्ही काय केले? त्या दिवशी मुलांना कोण आणायला गेले? नंतर कोणाला सांगितले? या प्रश्नांना माणसे तपशिलाने उत्तरे देतात, आणि विश्वासाचा अंदाज त्या उत्तरांतून आपोआप बांधता येतो. ज्या आईने ‘मी असलं काही मानत नाही’ असे सांगितले पण पंधरा दिवस मुलीला एकटीने दुकानात धाडले नाही, तिच्या बोलण्याला आणि वागण्याला वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे आणि त्यांतील एक खरे व दुसरे खोटे असे ठरवू नये.

शक्य असेल तेथे एकेकट्याच्या मुलाखतीबरोबर तीन-चार जणांच्या गप्पाही ध्वनिमुद्रित कराव्यात. डेग ज्या वादाविषयी बोलतात तो गप्पांतच ऐकू येतो. मुलाखतीत निवेदक कथेचा सारांश सांगतो. पारावर किंवा ओट्यावर तीच कथा हुंकार, प्रतिप्रश्न आणि दुरुस्त्यांसह येते.

आता मराठीपुरता एक मुद्दा, ज्यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते. आपल्या भाषेत ऐकीव गोष्टीसाठी ‘म्हणे’ हा एक अतिशय सूक्ष्म शब्द आहे. ‘परवा म्हणे त्या पाड्यावरून दोन पोरं नेली’ या वाक्यात सांगणारा बातमीही देतो आणि तिची जबाबदारीही स्वतःवर घेत नाही. ‘म्हणतात’, ‘ऐकलंय’, ‘असं कानावर आलं’, ‘लोकं बोलतात’ हे त्याचेच भाऊबंद आहेत. दुसऱ्या टोकाला ‘देवाशपथ’, ‘खोटं कशाला बोलू’, ‘ह्या डोळ्यांनी पाहिलंय’ हे शब्द आहेत. इलियट ओरिंग यांनी आख्यायिका सांगताना ती खरी वाटावी यासाठी वापरल्या जाणाऱ्या युक्त्यांचा विचार केला आहे; मराठीत त्या विचाराचे सर्वांत सोयीचे हत्यार हा ‘म्हणे’ आहे. प्रत्येक मुलाखतीत ‘म्हणे’ कोठे येतो आणि कोठे गळतो ते रंगीत पेनाने खुणावे. अनेकदा कथेच्या सुरुवातीला तो तीन-चार वेळा येतो, प्रसंग रंगात आला की दिसेनासा होतो, आणि शेवटी कोणी शंका घेतली की पुन्हा परततो. एकच माणूस महिन्याच्या अंतराने तीच कथा ‘म्हणे’शिवाय सांगू लागला असेल, तर कथा त्याच्यापुरती ऐकीव राहिलेली नाही. पडताळणीच्या कोणत्याही प्रश्नावलीला हा बदल सापडत नाही. तो वाक्यातच सापडतो. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा पावरी बोलणाऱ्या निवेदकाच्या बाबतीत त्या बोलीत ही जागा कोणता शब्द भरतो, हे स्थानिक सहकाऱ्याला विचारून घ्यावे. आपल्या प्रमाण मराठीचा ‘म्हणे’ त्यांच्या तोंडी घालू नये.

सहावी पायरी : मोबाईलवरचे पाठ गोळा करणे

मोबाईलवरील संदेशाला आवाज आणि हुंकार नसला, तरी त्याच्याबरोबर काही खुणा येतात. संदेश कोणत्या गटात आला, गट कशाचा होता (शाळेच्या पालकांचा, भावकीचा, शेतीमालाच्या भावाचा), पाठवणाऱ्याने वर स्वतःचे एखादे वाक्य जोडले होते का, आणि त्याखाली काय प्रतिसाद आले, हे सर्व नोंदवावे. जुलै २०१८ पासून व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाच चॅटपुरतीच मर्यादा घालण्याचे पाऊल उचलले; म्हणून त्याआधीच्या आणि नंतरच्या संदेशांची तुलना करताना हा तांत्रिक बदल ध्यानात घ्यावा. संदेश पूर्णतः कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असल्याने मूळ पाठवणारा संशोधकाला सापडत नाही, आणि तो शोधण्यात वेळ दवडण्याची गरजही नाही. आख्यायिकेला बहुधा एक जनक नसतो.

गटांत गुपचूप शिरून मजकूर गोळा करणे हे अनैतिक आहे. निवेदकालाच त्याच्या मोबाईलमधील असा मजकूर दाखवायला आणि स्वेच्छेने द्यायला सांगावे, आणि देण्यापूर्वी इतरांची नावे व क्रमांक त्याच्यासमोरच झाकावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे याला आता कायदेशीर बाजूही आली आहे.

चित्रफितींचे मूळ मात्र शोधता येते आणि शोधावेच. २०१८ मध्ये देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांना जागे करण्यासाठी बनवलेली होती आणि तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात. तो शेवटच कापला गेला होता. आख्यायिकेच्या अभ्यासकाला या कापण्यात विशेष रस असावा: पूर्वी एखादा निवेदक शेवट विसरायचा किंवा बदलायचा, येथे तेच काम बोटाने झाले.

सातवी पायरी : उतरवून काढणे आणि पाठ लावणे

ध्वनिमुद्रण त्याच आठवड्यात उतरवून काढावे. एका तासाच्या गप्पांना सहा-आठ तास सहज लागतात, आणि एकाच वेळी बोलणारी माणसे असतील तर त्याहूनही अधिक. बोली सुधारू नये, थांबणे आणि हसणे कंसात लिहावे, आणि प्रत्येक पाठाला तारीख, ठिकाण, उपस्थित माणसे आणि निवेदकाचा सांकेतिक क्रमांक जोडावा. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जमवलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या आज अभ्यासता येतात, त्याचे एक कारण ओवीबरोबर गाणारी बाई आणि तिचे गाव यांची नोंद त्यांनी कसोशीने ठेवली हे आहे.

पुढे सर्व पाठांचे एक मोठे कोष्टक करावे. पळवणारे कोण आणि किती, वेश कोणता, वाहन कोणते, मूल मुलगा की मुलगी, हेतू काय, वाचवले कोणी, माहिती कोणाकडून आली, आणि ऐकणाऱ्याने काय करावे असे सांगितले आहे, एवढे रकाने सुरुवातीला पुरतात. रिचर्ड बियर्डस्ली आणि रोझली हँकी यांनी १९४२ साली नाहीशा होणाऱ्या प्रवाशाचे ७९ पाठ असेच शेजारी मांडले आणि त्यांचे चार गट पाडले. तो लेख आजही नमुना म्हणून वाचण्याजोगा आहे. कोष्टक भरले की जे रकाने सर्वत्र सारखे आहेत ते कथेचा गाभा ठरतात आणि जे गावागणिक बदलतात त्यांत त्या गावाची स्वतःची काळजी दिसते. रिकाम्या रकान्यांकडेही पाहावे. पळवल्या गेलेल्या मुलाचे नाव आणि त्याचे आईवडील जवळजवळ कोणत्याच पाठात नसतील, तर ती नोंद प्रबंधात आली पाहिजे.

आठवी पायरी : घडले होते का, हे तपासणे

काही लोकसाहित्यकार म्हणतात की खरे-खोटे हा आमचा प्रश्न नाही. मला ते मान्य नाही. माणसे मेलेली असताना हा प्रश्न टाळता येत नाही. त्यावर अभ्यास संपवू नये, एवढेच. जोएल बेस्ट आणि जेराल्ड होरिउची यांनी १९८५ साली अमेरिकेतील अशाच एका भीतीची तपासणी केली. हॅलोविनच्या रात्री अनोळखी लोक मुलांना विष किंवा ब्लेड घातलेला खाऊ देतात, असे तेथे पिढीभर सांगितले जात होते. त्यांनी १९५८ पासूनच्या वर्तमानपत्रांतील बातम्या तपासल्या आणि अनोळखी माणसाच्या खाऊने मूल दगावल्याचा एकही सिद्ध प्रसंग त्यांना सापडला नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये विषारी खाऊने मेलेल्या मुलाला ते विष त्याच्या वडिलांनीच दिले होते.

आपल्याकडे अशी तपासणी करताना पोलिसांच्या आकड्यांचा अर्थ सांभाळून लावावा. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या तक्रारींवर गुन्हा नोंदवून अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून तपास करण्याचा आदेश दिला. त्यामुळे रागाने घर सोडलेली, वाट चुकलेली आणि प्रेमप्रकरणातून निघून गेलेली मुलेही अपहरणाच्या नोंदीत येतात. २०१३ नंतर आकडा वाढलेला दिसला म्हणून टोळ्या वाढल्या असा निष्कर्ष काढणारा लेख चुकीचा आहे, आणि मुले कधीच पळवली जात नाहीत असे लिहिणाराही चुकीचाच. तालुक्याच्या ठाण्यात त्या तीन महिन्यांत नोंदलेल्या प्रत्येक तक्रारीचे पुढे काय झाले, एवढे माहितीच्या अधिकारात विचारावे. मुलांची ओळख उघड करणारा तपशील मागू नये.

नववी पायरी : अर्थ लावणे

१५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला. ज्यांना धक्का जाणवला होता पण ज्यांच्याकडे फारशी हानी झाली नव्हती, अशा लोकांत आणखी भयंकर संकटे येणार असल्याच्या अफवा जोरात होत्या. भीतीच्या वेळी माणसे भीती वाढवणाऱ्या कथा का सांगतात, या कोड्याचे उत्तर शोधताना मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना प्रसाद यांच्या नोंदी उपयोगी पडल्या. फेस्टिंगर यांचे म्हणणे असे की भीती आधीपासून मनात असते आणि तिला साजेसे कारण अफवा पुरवते. आपल्या उदाहरणाला हे लावून पाहावे. ज्या तालुक्यात आईवडील ऊसतोडीला किंवा बांधकामावर जातात आणि मुले आजीजवळ किंवा वाडीवर राहतात, तेथे मुलांविषयीची काळजी टोळीच्या संदेशाची वाट पाहत थांबलेली नसते. ती रोजची आहे.

परंतु भीती सर्वांना असली तरी संशय सर्वांवर येत नाही, आणि येथे कथेचा दुसरा धागा हाती येतो. ‘जेव, नाहीतर बुवा झोळीत घालून नेईल’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहे. झोळी, काठी, अनोळखी बोली आणि दारोदार फिरणे ही खूण आपण मुलांच्या मनात स्वतःच कोरून ठेवलेली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांना जन्माने संशयित ठरवले, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी संशयाची सवय राहिली. २०१८ चा संदेश या तयार जमिनीवर पडला.

लिंडा डेग आणि अँड्र्यू वाझोनी यांनी १९८३ मध्ये ‘ऑस्टेन्शन’ ही संकल्पना मांडली: आख्यायिका केवळ बोलली जात नाही, ती कृतीतूनही सांगितली जाते. तिचाच एक प्रकार असा की समोर घडणारी साधी घटना आख्यायिकेच्या चष्म्यातून वाचली जाते. बाजारात एखाद्या भिक्षेकऱ्याने लहान मुलाशी दोन शब्द बोलणे ही साधी गोष्ट आहे; कथा माहीत असलेल्याला ती कथेचा पहिला प्रसंग वाटते, आणि मग उरलेले प्रसंग तो स्वतः घडवून आणतो. ही संकल्पना वापरताना जमावाच्या जबाबदारीवर पांघरूण पडणार नाही याची काळजी लिहिणाऱ्याने घ्यावी. कथेने खून केला असे लिहू नये. खून माणसांनी केला.

दहावी पायरी : लिहिणे आणि परत नेणे

प्रबंधात मूळ संदेश द्यावा लागतोच, पण तो सलग, उचलून पुढे पाठवता येईल अशा रूपात देऊ नये. ओळींना क्रमांक देऊन, मध्ये विवेचन घालून तोडावा, आणि चित्रफितीचा दुवा देऊ नये. निवेदकांची नावे बदलावीत आणि गाव लहान असेल तर गावाचेही नाव बदलावे, कारण ‘गावातील एकमेव शिंपी’ असे लिहिले की नाव बदलण्याला अर्थ उरत नाही. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, नावांची यादी त्यांपासून वेगळी ठेवावी, आणि विद्यापीठाच्या संग्रहात काय जाणार व काय नष्ट होणार हे निवेदकाला संमतीच्या वेळीच सांगावे. संमतिपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला ते त्याच्या बोलीत वाचून दाखवून तोंडी संमती ध्वनिमुद्रित केली तरी चालते.

आणि या विषयावरील लेखनात जे निवेदक बहुधा राहून जातात त्यांच्याकडे आवर्जून जावे. ज्यांच्यावर संशय घेतला जातो त्या भटक्या कुटुंबांतही ही कथा सांगितली जाते, पण तेथे तिचे पात्र उलटे असते: गाव हेच संकट असते आणि मुलांना गावकऱ्यांपासून जपायचे असते. कोणत्या वाटा सोडल्या, गावात शिरताना आधी कोणाला भेटायचे असे ठरवले, कोणती कागदपत्रे बरोबर ठेवली, पोरांना काय सांगितले, हे त्यांना विचारावे आणि तेही त्याच कोष्टकात, त्याच रकान्यांत लिहावे. त्यांच्यावरील प्रकरण लिहून झाले की पाल जेथे पडले असेल तेथे जाऊन ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवावे, आणि ज्या वाक्याला त्यांनी हरकत घेतली ते वाक्य बदलले नाही तर हरकत त्यांच्याच शब्दांत त्या वाक्याखाली छापावी.